संगणकावरील ध्वनिमुद्रण : आवाज उशिरा का ऐकू येतो?

एके काळी ध्वनिमुद्रण म्हटले की काचेआडचा बंदिस्त कक्ष, तासावर आकारले जाणारे भाडे आणि फिरणारी टेप असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत असे. आता एक संगणक, एक मायक्रोफोन, एक हेडफोन आणि या सर्वांना जोडणारे 'ऑडिओ इंटरफेस' नावाचे वहीएवढे उपकरण एवढ्या सामग्रीवर घरातल्या खोलीत गाणे मुद्रित करता येते. हौशी गायक, वादक, पॉडकास्ट करणारे तरुण, पुस्तकांचे श्राव्य वाचन करणारे कलावंत असे अनेक जण या मार्गाकडे वळले आहेत.

मात्र यातील बहुतेकांना पहिल्याच दिवशी एक विचित्र अनुभव येतो. गळ्यातून निघालेला स्वर हेडफोनमध्ये किंचित उशिराने ऐकू येतो. उशीर असतो सेकंदाच्या लहानशा अंशाचा. पण तेवढ्याने गाणाऱ्याचा तोल जातो, लय मागे ओढली जाते आणि चांगला तयारीचा गायकही चाचपडू लागतो. संगणक जुना झाला किंवा इंटरफेस सदोष निघाला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रसंगी हजारो रुपये खर्चून नवा संगणक येतो आणि तरीही उशीर कायम राहतो. याचे कारण असे, की हा उशीर बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो. सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात असलेल्या 'बफर' नावाच्या आकड्यावर तो मुख्यतः अवलंबून असतो. हा आकडा काय करतो आणि तो कधी किती ठेवावा, हे उमगले तर पदरचा एक पैसाही न खर्चता हा प्रश्न बव्हंशी सुटू शकतो.

आवाजाचे होतात आकडे

मायक्रोफोनमधून येणारा आवाज हा विद्युतदाबातील अखंड चढउतार असतो. संगणकाला मात्र केवळ आकडे समजतात. त्यामुळे ऑडिओ इंटरफेस या चढउताराची दर सेकंदाला हजारो वेळा मोजणी करतो आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा संगणकाकडे धाडतो. अशा एका मोजणीला 'सॅम्पल' म्हणजे नमुना म्हणतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेण्याचा प्रघात आहे, तर चित्रफितींच्या कामासाठी ४८,००० नमुन्यांचे प्रमाण रूढ आहे. ऐकताना नेमकी उलट क्रिया घडते. संगणक तेवढ्याच वेगाने आकडे परत देतो आणि इंटरफेस त्यांचे पुन्हा विद्युतदाबात रूपांतर करून हेडफोनकडे पाठवतो.

अडचण अशी, की संगणकाला केवळ ध्वनीचेच काम नसते. पडदा रंगवणे, डिस्कवर लिहिणे, नेटवर्ककडे लक्ष ठेवणे अशी शेकडो कामे तो एकाच वेळी आळीपाळीने उरकत असतो. सेकंदाला ४८,००० वेळा हातातले काम टाकून एकेका नमुन्यासाठी धावणे त्याला परवडणारे नसते. म्हणून नमुने एकेकटे न पाठवता त्यांचे गठ्ठे बांधून पाठवले जातात. एका गठ्ठ्यात किती नमुने असावेत, हे सांगणारा आकडा म्हणजे बफरचा आकार. आवाज उशिरा ऐकू येणे या प्रकाराला तंत्रज्ञ 'लेटन्सी' म्हणतात. मराठीत विलंब हा साधा शब्द त्यासाठी पुरेसा आहे.

शेअर रिक्षा आणि बस

गठ्ठ्याचा आणि विलंबाचा संबंध समजण्यासाठी रेल्वे स्थानकाबाहेरच्या शेअर रिक्षाचे उदाहरण घेता येईल. शेअर रिक्षा सगळ्या जागा भरल्याखेरीज हलत नाही. सर्वांत आधी येऊन बसलेल्या प्रवाशाला शेवटची जागा भरेपर्यंत थांबावे लागते. तीन आसनांची रिक्षा लवकर भरते, त्यामुळे ही प्रतीक्षा थोडी असते. पन्नास आसनांची बस भरायला वेळ लागतो आणि पहिल्या प्रवाशाचा खोळंबा तेवढाच वाढतो. मात्र पन्नास प्रवासी पोहोचवायचे तर बसची एकच फेरी पुरते आणि रिक्षाला सतरा फेऱ्या माराव्या लागतात. बफर म्हणजे वाहनातील आसनांची संख्या. ती कमी ठेवली तर प्रवासी लवकर पोहोचतो. पण चालकाची, म्हणजे संगणकाची, दमछाक होते.

मुक्कामाच्या टोकाला नियम आणखी कडक आहे. तेथे ठराविक अंतराने एकेक प्रवासी दारातून बाहेर पडलाच पाहिजे; क्षणभरही खंड पडता कामा नये. यासाठी दोन वाहने आळीपाळीने वापरली जातात. एक रिकामे होत असते तेव्हा दुसरे भरून तयार होत असते. पहिले रिकामे होण्याच्या आत दुसरे हजर झाले तर सारे सुरळीत चालते. ते एक क्षणभरही उशिरा आले तर दारातील रांग तुटते. या तुटलेल्या रांगेचा आवाज म्हणजेच हेडफोनमध्ये ऐकू येणारी चरचर, टकटक किंवा मध्येच पडणारा खळगा. बफर अति लहान ठेवल्यावर येणारा हा त्रास अनेक जण मायक्रोफोनचा किंवा तारेचा दोष समजतात.

आकड्यांमागचे गणित

एका गठ्ठ्यामुळे किती विलंब होतो, हे काढणे सोपे आहे. बफरमधील नमुन्यांच्या संख्येला दर सेकंदाच्या नमुन्यांनी भागायचे, की उत्तर सेकंदात मिळते. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर नेहमी दिसणाऱ्या आकड्यांचा हिशेब असा होतो :

६४ नमुने : १.३३ मिलिसेकंद
१२८ नमुने : २.६७ मिलिसेकंद
२५६ नमुने : ५.३३ मिलिसेकंद
५१२ नमुने : १०.६७ मिलिसेकंद
१०२४ नमुने : २१.३३ मिलिसेकंद
२०४८ नमुने : ४२.६७ मिलिसेकंद

मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हा विलंब एका दिशेचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. गाणाऱ्याचा आवाज संगणकात जाताना एक गठ्ठा भरावा लागतो आणि परत येताना दुसरा. म्हणजे २५६ नमुन्यांवर जाऊन-येऊन सुमारे १०.७ मिलिसेकंद आणि १०२४ नमुन्यांवर सुमारे ४३ मिलिसेकंद केवळ बफरमध्ये खर्च होतात.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. ६४ नमुन्यांच्या बफरवर संगणकाला सेकंदातून ७५० वेळा गठ्ठा तयार करून द्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या हाती जेमतेम १.३३ मिलिसेकंद असतात. १०२४ नमुन्यांवर हीच हाक सेकंदाला सुमारे ४७ वेळा येते. काम तेवढेच, पण मुदत सैल.

नमुन्यांचा दर वाढवला तर विलंब घटतो, हेही या भागाकारावरून दिसते. ९६,००० च्या दराने १२८ नमुन्यांचा गठ्ठा १.३३ मिलिसेकंदांतच भरतो. परंतु तेवढ्याच वेळात दुप्पट नमुन्यांवर प्रक्रिया करावी लागत असल्याने संगणकावरील भारही जवळपास दुप्पट होतो. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

बफर एकटाच जबाबदार नाही

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर एक आकडा दिसतो आणि प्रत्यक्ष विलंब त्याहून अधिक भासतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नसते. आवाजाच्या वाटेवर बफरखेरीज आणखीही नाकी आहेत. विद्युतदाबाचे आकड्यांत आणि आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर करणाऱ्या भागांना स्वतःचा थोडा वेळ लागतो. यूएसबीच्या तारेतून माहिती ठराविक कालखंडांच्या तुकड्यांनी जाते. संगणक आणि इंटरफेस यांच्यात दुभाष्याचे काम करणारे 'ड्रायव्हर' हे सॉफ्टवेअर अनेकदा सुरक्षिततेसाठी स्वतःचा एक छुपा राखीव साठा ठेवते. या सर्वांची बेरीज केली तर १२८ नमुन्यांवर कागदोपत्री दिसणारे साडेपाच मिलिसेकंद प्रत्यक्षात आठ-नऊ मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरफेस एकाच बफरवर वेगळा विलंब दाखवतात, त्याचे कारण हेच.

आवाज सुधारणाऱ्या काही 'प्लग-इन' सॉफ्टवेअरची यात आणखी भर पडते. आवाजाची कमाल पातळी रोखणारे काही लिमिटर पुढे काय येणार आहे ते आधी पाहून मगच निर्णय घेतात. पुढचे पाहायचे तर आवाज थोडा थांबवून धरावा लागतो. असे एखादे प्लग-इन मुख्य वाहिनीवर लावून ठेवले तर बफर कितीही कमी केला तरी विलंब हटत नाही. ध्वनिमुद्रण सुरू असताना अशी साधने बंद ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्यांची अडचण तर निराळीच आहे. त्यात आवाज पुन्हा संक्षिप्त करून, बिनतारी पाठवून, परत उलगडला जातो. या खटाटोपात सामान्यतः शंभराहून अधिक मिलिसेकंद जातात. गाणी ऐकण्यासाठी ते चालते, चित्रपट पाहताना चित्राला तेवढे मागे धरून वेळ जुळवता येते. पण गाताना स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी हे हेडफोन निरुपयोगी ठरतात. तेथे तारेचा हेडफोनच हवा.

कानाला किती उशीर खपतो?

विलंब शून्य असावा, अशी अपेक्षा अनेकांची असते. पण शून्य विलंब निसर्गातही नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. मैफलीत गायकापासून दीड-दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकाच्या कानी पाच-सहा मिलिसेकंदांनी पोहोचतो. मोठ्या वाद्यवृंदात दहा मीटर अंतरावरच्या वादकाचा सूर २९ मिलिसेकंदांनी येतो. तरीही मैफली रंगतात, वाद्यवृंद एकत्र वाजतात. तेव्हा पाच-दहा मिलिसेकंदांच्या विलंबाने आकाश कोसळत नाही, एवढे निश्चित.

जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते, की मूळ आवाजापाठोपाठ सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली त्याची पुनरावृत्ती कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. ती मूळ आवाजातच विरघळते. ही गोष्ट ऐकणाऱ्याची झाली. स्वतः गाणाऱ्या-बोलणाऱ्याचा मामला अधिक नाजूक आहे. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले, की बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज सुमारे एक-पंचमांश सेकंद उशिराने ऐकवला तर त्याची जीभ अडखळू लागते, अक्षरे दुहेरी उच्चारली जातात, बोलण्याचा वेग मंदावतो. आपल्या आवाजावर आपलेच कान सतत पहारा देत असतात आणि तो पहारा चुकला की उच्चारही चुकतो.

गायकाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. स्वतःचा स्वर त्याला हेडफोनमधून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतून तो तत्क्षणी आतल्या कानापर्यंत पोहोचलेला असतो. हे दोन्ही आवाज काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकमेकांत मिसळले की काही कंपने परस्परांना मारतात, तर काही वाढतात. परिणामी आवाज नळीतून आल्यासारखा, पोकळ भासू लागतो. उशीर जाणवण्याइतका नसला तरी स्वराचा पोत बदललेला जाणवतो आणि सुरावर ठाम राहणे अवघड होते. म्हणूनच ज्या विलंबावर कीबोर्डवादक निर्धास्त वाजवतो, त्याच विलंबावर गायक कुरकुरतो.

लयीच्या अंगाने पाहिले तर द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्यास एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते. तिच्यात चार बोल वाजले तर दोन बोलांमधील अंतर ६२.५ मिलिसेकंद उरते. १०२४ नमुन्यांच्या बफरचा जाऊन-येऊन होणारा ४३ मिलिसेकंदांचा विलंब या अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. अशा अवस्थेत लय सांभाळणे कसलेल्या वादकालाही जड जाणार, यात नवल नाही. व्यवहारात जाऊन-येऊन एकूण विलंब दहा मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेक वादकांचे काम निर्वेध चालते. गायकांना त्याहूनही कमी विलंब मानवतो.

जुनाच प्रश्न, नवे रूप

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. टेपच्या जमान्यातही तो होताच. अनेक मार्गिकांच्या टेप यंत्रात मुद्रण करणारे आणि वाजवणारे शीर्ष वेगवेगळे असत. आधी मुद्रित केलेले वाद्य ऐकत नवा आवाज भरायचा म्हटले, तर टेप एका शीर्षापासून दुसऱ्यापर्यंत सरकण्यास लागणारा वेळ आड येई आणि नवा आवाज जुन्याशी जुळत नसे. अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५० च्या दशकात 'सेल-सिंक' नावाची युक्ती काढली. आधीच्या मार्गिका मुद्रण करणाऱ्या शीर्षातूनच ऐकवायच्या, म्हणजे अंतराचा प्रश्नच उरत नाही. या सोयीचे आठ मार्गिकांचे यंत्र १९५७ मध्ये प्रसिद्ध गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे पोहोचले.

संगणकाच्या युगात अडथळ्याचे रूप बदलले. विंडोजमध्ये सर्व प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून पुढे पाठवणारी यंत्रणा रोजच्या वापरासाठी सोयीची होती. पण तिच्या वाटेने जाणारा आवाज रेंगाळत असे. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये 'एएसआयओ' ही पद्धत आणून ही यंत्रणा टाळणारी थेट वाट खुली केली आणि विंडोजवरील व्यावसायिक ध्वनिमुद्रणात ती रूढ झाली. अॅपलने २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस एक्समध्ये 'कोअर ऑडिओ' ही व्यवस्था मुळातच समाविष्ट केली. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून 'वासापी' ही नवी पद्धत दिली. लिनक्सवर 'जॅक' आणि अलीकडे 'पाइपवायर' हेच काम करतात.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी यातून एक साधा धडा निघतो. इंटरफेससोबत उत्पादक कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर बसवावा आणि ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडावा. महागडा इंटरफेस घेऊनही विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर काम करणे म्हणजे द्रुतगती मार्गाचा पथकर भरून जुन्या घाटातून गाडी नेण्यासारखे आहे.

चरचर आली तर

बफर कमी केल्यावर चरचर सुरू झाली, तर संगणक दुबळा आहे असे लगेच मानू नये. अनेकदा टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर २०-३० टक्के दिसतो आणि तरीही आवाज तुटतो. त्याचे कारण असे, की तो आकडा सरासरीचा असतो. ध्वनीला सरासरीशी देणेघेणे नसते; प्रत्येक गठ्ठा मुदतीत पोहोचला की नाही, एवढेच महत्त्वाचे. शिवाय एका मार्गिकेवर एकामागून एक लावलेली प्लग-इन क्रमाने चालवावी लागतात. त्यांचे काम प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांत सहजी वाटून देता येत नाही. त्यामुळे एक गाभा दमलेला आणि बाकीचे रिकामे, अशी स्थिती उद्भवते.

अशा वेळी काही गोष्टी तपासून पाहाव्यात. लॅपटॉप बॅटरीवर न चालवता विजेच्या जोडणीवर चालवावा आणि वीजबचतीचे धोरण बदलून पूर्ण क्षमतेचे ठेवावे. कारण वीज वाचवण्यासाठी मंदावलेला प्रोसेसर ऐन वेळी जागा व्हायला वेळ घेतो. इंटरफेस अनेक उपकरणे जोडलेल्या हबवर न लावता संगणकाच्या स्वतःच्या यूएसबी खाचेत लावावा. वाय-फायचा ड्रायव्हर कधी कधी प्रोसेसरला नको तेवढा वेळ अडवून ठेवतो. मुद्रणापुरते वाय-फाय बंद करून फरक पडतो का, ते पाहावे. पूर्ण झालेल्या मार्गिका 'फ्रीझ' केल्या, म्हणजे त्यांवरील प्रक्रिया एकदाच करून ठेवली, तर संगणकाचा भार बराच हलका होतो. हे सारे करूनही चरचर थांबत नसेल, तर बफर एक पायरी वाढवावा.

संगणकाला वळसा

गायकासाठी याहून सोपा उपाय बहुतेक इंटरफेसवरच दिलेला असतो. त्याला 'डायरेक्ट मॉनिटरिंग' म्हणतात. यात मायक्रोफोनचा आवाज संगणकात तर जातोच, पण त्याची एक शाखा इंटरफेसमधूनच थेट हेडफोनकडे वळवली जाते. संगणकाचा फेराच टळल्याने विलंब जवळपास शून्यावर येतो आणि बफर मोठा असला तरी चालतो. मात्र त्याच वेळी सॉफ्टवेअरमधून परत येणारा आवाज बंद करण्यास विसरू नये. अन्यथा एकच स्वर दोनदा, एकदा तत्काळ आणि एकदा उशिराने, ऐकू येतो आणि गोंधळ आणखी वाढतो.

या सोयीला मर्यादाही आहेत. सॉफ्टवेअरमधून येणारी घुमाऱ्याची किंवा अन्य संस्कारांची जोड या थेट आवाजाला मिळत नाही. गिटारचा आवाज सॉफ्टवेअरमधील अॅम्प्लिफायरमधून घडवायचा असेल, तर थेट आवाज ऐकून उपयोग नाही. कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधील वाद्य वाजवताना तर नाद संगणकातच तयार होतो. त्याला वळसा घालणार कसा? अशा वादकांना लहान बफरखेरीज गत्यंतर नाही. त्यातल्या त्यात दिलासा असा, की कीबोर्डची कळ दाबल्याची सूचना फार थोड्या वेळात संगणकात पोहोचते आणि विलंब मुख्यतः परतीच्या एकाच दिशेचा उरतो.

मुद्रणाला एक, मिश्रणाला दुसरा

एकदा बफर ठरवला की तो कायमचा, असा एक समज आढळतो. वास्तविक कामाच्या टप्प्यानुसार तो बदलत राहणे हीच योग्य रीत आहे. मुद्रण सुरू असताना कलावंत स्वतःला ऐकत असतो, म्हणून तेव्हा विलंब कमी हवा. १२८ नमुन्यांपासून सुरुवात करावी. आवाज तुटला तर २५६ वर जावे. संगणक सशक्त असेल तर ६४ आजमावून पाहावे. सर्व मार्गिका मुद्रित होऊन मिश्रणाचे काम सुरू झाले, की कोणी गात नसते. तेव्हा वाजवण्याचे बटन दाबल्यावर आवाज चाळीस मिलिसेकंदांनी आला तरी काही बिघडत नाही. त्या वेळी बफर १०२४ किंवा २०४८ करावा आणि संगणकाची सारी ताकद प्लग-इनसाठी मोकळी करावी.

बफर वाढवल्याने आवाजाचा दर्जा सुधारत नाही आणि कमी केल्याने तो घसरतही नाही. नमुने तेच असतात. फक्त त्यांचे गठ्ठे लहान-मोठे होतात. मात्र मुद्रण चालू असताना गठ्ठा मुदतीत उचलला गेला नाही, तर तेवढे नमुने कायमचे हरवू शकतात आणि पडलेला खळगा फाइलमध्ये राहतो. म्हणून एखाद्या कलावंताचे एकदाच मिळणारे गायन टिपताना बफर अगदी कडेला नेऊन ठेवण्यापेक्षा थोडा सैल ठेवून डायरेक्ट मॉनिटरिंगचा आधार घेणे शहाणपणाचे.

मुद्रित झालेले गाणे मागे पडते का?

हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, मग फाइलमध्येही तो उशिराच उमटत असेल, अशी शंका साहजिक आहे. बहुतेक सॉफ्टवेअर ड्रायव्हरकडून एकूण विलंबाचा आकडा मागवून घेतात आणि मुद्रित आवाज तेवढाच मागे सरकवून मूळ ठेक्याशी जुळवतात. ड्रायव्हरने दिलेला आकडा बरोबर असेल तर जुळणी चोख होते. तो चुकीचा असेल, तर प्रत्येक नवी मार्गिका थोडीशी सरकलेली राहते.

याची खातरजमा घरीच करता येते. इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या खाचेतून एक तार काढून ती आत येणाऱ्या खाचेत लावावी. आवाजाची पातळी आधी कमी ठेवावी आणि डायरेक्ट मॉनिटरिंग बंद करावे, म्हणजे आवाज गोल फिरत राहून शिट्टी वाजणार नाही. एका मार्गिकेवर टिकटिक वाजवून ती दुसऱ्या मार्गिकेवर मुद्रित करावी. मग दोन्ही मार्गिका मोठ्या करून शेजारी पाहाव्यात. टोके एकमेकांखाली आली तर हिशेब बरोबर आहे. अंतर दिसले तर ते नमुन्यांत मोजून सॉफ्टवेअरमधील मुद्रण-भरपाईच्या जागी भरावे.

मात्र एका गोष्टीची भरपाई कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही. विलंब स्वतः फाइलमध्ये उमटत नाही. पण विलंबामुळे बिघडलेले गाणे उमटते. उशिरा ऐकू येणाऱ्या स्वराशी जुळवून घेताना ओढलेली लय, बिचकत घेतलेली तान, डगमगलेला षड्ज हे सारे जसेच्या तसे मुद्रित होते. तांत्रिक वाटणाऱ्या या आकड्याचा कलेशी संबंध येतो, तो येथे.

इंटरनेटवरील साथसंगत

हेच तत्त्व आणखी एका अनुभवाचा उलगडा करते. २०२० च्या टाळेबंदीत संगीताचे अनेक वर्ग इंटरनेटवर भरू लागले आणि परदेशातील मराठी कुटुंबांतील मुलेही येथील शिक्षकांकडे शिकू लागली. गुरूने ओळ गायची आणि शिष्याने ती मागून म्हणायची, हे सुखेनैव जमले. दोघांनी एकत्र गाणे मात्र जमेना. इंटरनेटवरून येणारे ध्वनीचे तुकडे मागेपुढे होतात, म्हणून व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर आपला वेगळा बफर ठेवतात. त्यात प्रवासाचा वेळ मिळवला, की विलंब सहज शंभर मिलिसेकंदांपलीकडे जातो.

येथे बफर कमी करण्यालाही मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात. मुंबई ते पुणे हा प्रवास मिलिसेकंदाच्या आसपास होतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे १२ हजार किलोमीटरहून अधिक अंतर मात्र सरळ रेषेत कापले तरी एका दिशेला ६० मिलिसेकंद घेते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या 'जॅकट्रिप'सारख्या सॉफ्टवेअरने जवळच्या शहरांतील वादकांना तारेच्या जोडणीवर एकत्र वाजवणे शक्य केले आहे. सातासमुद्रापार एकाच मात्रेवर सम गाठणे मात्र त्यालाही शक्य नाही. तेथे अडसर संगणकाचा नसून पृथ्वीच्या आकाराचा आहे.

घरातील संगणकावर सुदैवाने असा अडसर नाही. तेथे विलंब पूर्णतः नाहीसा होत नसला तरी तो कोठे किती असावा, हे ठरवणे वापरणाऱ्याच्या हाती असते. गाताना बफर लहान किंवा डायरेक्ट मॉनिटरिंग, मिश्रण करताना बफर मोठा, विंडोजवर कंपनीचाच ड्रायव्हर आणि कानाला तारेचा हेडफोन, ही चार पथ्ये पाळून पाहावीत. नव्या यंत्राच्या खरेदीचा विचार त्यानंतर करता येईल आणि बहुतेकांना तो करावाही लागणार नाही.